रुपयातले पंधरा पैसे

मराठीत 'ओळख' हा शब्द मोठा गमतीचा आहे. 'माझी ओळख काय?' असे विचारले तर मी कोण, हा प्रश्न होतो. आणि 'माझी तिथे ओळख आहे' असे म्हटले तर माझे काम होणार, असा त्याचा अर्थ होतो. आपण कोण आहोत आणि आपल्याला कोण ओळखते, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात बसवल्या आहेत.

डिलाईल रोडवर हा शब्द कित्येक वर्षे चलनी नाण्यासारखा फिरला. या रस्त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग झाले त्यालाही आता पुष्कळ दिवस लोटले; पण जुनी माणसे अजून डिलाईल रोडच म्हणतात. इथे नव्याने आलेल्या माणसाला पहिला प्रश्न नावाचा नसे, गावाचा असे. गाव कळले की कोणत्या खोलीत वळकटी टाकायची, कोणत्या बाईच्या खानावळीत जेवायचे आणि कोणत्या गिरणीच्या फाटकावर कोणत्या जॉबरला भेटायचे, हे बहुतेक ठरूनच जाई. तेव्हा माणसाची किंमत त्याच्या ओळखींवरून ठरवावी काय, हा प्रश्न या रस्त्याला नवा नाही. नवे एवढेच, की आता तो प्रश्न यंत्रे सोडवू लागली आहेत, आणि तेही दिवसातून कोट्यवधी वेळा.

ज्या गणिताच्या आधारावर ती हे करतात त्याला आलेख सिद्धांत म्हणतात. नावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्या घराच्या दारात दिवाळीला ठिपक्यांची रांगोळी निघते, त्या घराला या शास्त्राची तोंडओळख झालेलीच आहे. ठिपके मांडावेत आणि रेघांनी जोडावेत. ठिपका लहान की मोठा, हे पाहायचे नाही; कोणता कोणाला जोडला आहे, एवढेच पाहायचे. १७३६ च्या सुमारास ऑयलर या गणितज्ञापुढे कोनिग्सबर्ग शहराचे कोडे आले. तिथल्या सातही पुलांवरून, प्रत्येक पूल एकदाच ओलांडून, फिरता येईल काय? त्याने जमिनीच्या तुकड्यांना ठिपके मानले, पुलांना रेघा मानले आणि हे अशक्य आहे असे सिद्ध केले.

एका पुलाची किंमत काय असते, हे मात्र डिलाईल रोडच्या लोकांना ऑयलरने सांगायला नको. लोअर परळ स्टेशनाजवळचा रुळांवरचा पूल धोकादायक ठरून जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तो पुन्हा पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. नकाशातली एकच रेघ पुसली गेली. पण पाच वर्षे रुळांच्या दोन्ही अंगांचे शेजारी वळसे घालीत राहिले. ठिपके होते तिथेच होते. बदलली होती ती त्यांच्यामधली वाट.

आता शोधयंत्राकडे वळू. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी गूगलची रीत जगापुढे मांडली. महाजालावरची कोट्यवधी पाने म्हणजे ठिपके आणि एका पानाने दुसऱ्याचा दिलेला दुवा म्हणजे रेघ. ज्या पानाकडे पुष्कळ पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे. पण नुसती बोटे मोजून भागत नाही. बोट दाखवणारा स्वतः वजनदार असला तर त्याच्या बोटाला जास्त मोल. जॉबरच्या शब्दाला वजन होते, साध्या साच्यावाल्याच्या शब्दाला तेवढे नव्हते, तसेच हे. आज गूगल आणखी पुष्कळ गोष्टी पाहते, पण त्याचा पाया हा असा रचला गेला. समाजमाध्यमे तेच करतात. 'या व्यक्तीला आपण ओळखत असाल' असे सुचवताना तुम्हा दोघांचे समान मित्र किती, हे ती मोजतात.

या रेघांची मी थट्टा करणार नाही. डिलाईल रोडच्या बी. डी. डी. चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत माणसे राहिली ती या रेघांच्या जोरावर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. तेव्हा कोणाला गावाने धान्य पाठवले, कोणाला वाण्याने उधारीवर माल दिला, कोणाला खानावळवालीने पैशांवाचून जेवू घातले. कागदावर जी नुसती रेघ दिसते, ती प्रत्यक्षात एक जबाबदारी होती. यंत्र रेघ मोजते; तिच्यावरून किती ओझे वाहिले गेले, हे त्याला कळत नाही.

परंतु या रेघांची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जॉबर आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसाला कामावर घेई. तो माणूस त्याला दस्तुरी देई आणि प्रसंगी त्याच्याच जवळून कर्जही काढी. वर्तुळ पुरे होई. जो वर्तुळात, त्याचे भले. जो बाहेर, तो बाहेरच. गिरण्यांच्या विणकाम खात्यात चांगली मजुरी होती, पण धोट्यात धागा ओढताना तो तोंडाने शोषावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे इतर कामगार शिरू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला. गिरणीमालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावणारी माणसे आपल्यातल्याच काहींना एका धाग्यापासून दूर ठेवीत होती. त्यांच्या आपसातल्या ओळखी खोट्या नव्हत्या. त्या पक्क्या होत्या, आणि म्हणूनच त्यांची भिंत झाली.

मौज अशी की, ब्रिन आणि पेज यांच्या गणितालाही नेमकी हीच अडचण आली. त्यांनी एक मनमौजी वाचक कल्पिला. तो एका पानावरून दुव्याच्या वाटेने दुसऱ्यावर जातो, तिथून तिसऱ्यावर. ज्या पानावर तो वारंवार येतो ते महत्त्वाचे. पण काही पाने आपसातच एकमेकांकडे बोट दाखवतात, बाहेर कोणाकडेच नाही. वाचक अशा कोंडाळ्यात शिरला की बाहेर पडत नाही, आणि सगळे महत्त्व तिथेच साचते. ज्या पानाकडे कोणीच बोट दाखवत नाही, तिथे तर तो कधी पोचतच नाही. यावर त्यांनी तोड काढली. वाचकाने शंभरातून साधारण पंच्याऐंशी वेळा दुव्याच्या वाटेने जावे, आणि उरलेल्या पंधरा वेळा सगळ्या वाटा सोडून कुठल्याही पानावर उडी घ्यावी. अनोळखी पानालाही मग थोडे का होईना, पण शून्याहून जास्त मोल मिळते.

कोणी म्हणेल, ही दया नव्हे, हिशेब जुळवण्याची सोय आहे. मान्य. पण मला याच गोष्टीने विचारात पाडले. ज्यांना दया करायची नव्हती, नुसते बरोबर उत्तर हवे होते, त्यांनाही रुपयातले पंधरा पैसे ओळखीच्या बाहेर ठेवावे लागले. ओळख हाच एकमेव निकष धरला तर न्याय बिघडतो हे आपण जाणतोच; इथे उत्तरही बिघडते. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद करून त्यांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली, ती जॉबरच्या मर्जीला आळा घालण्यासाठीच. वशिला पुरता गेला नाही, पण कार्ड असलेल्याला फाटकावर उभे राहण्याचा हक्क मिळाला. तेही एका अर्थी पंधरा पैसेच. आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने १९७३ साली दाखवून दिले, की नोकरीची बातमी पुष्कळदा जिवलगांकडून न येता लांबच्या ओळखीकडून येते. जिवलगांना आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. बाहेर काढलेली रेघ आपल्यालाही उपयोगी पडते ती अशी.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. ओळखींवरून माणूस कुठे उभा आहे हे कळते. तो किती मोलाचा आहे हे कळत नाही. आणि जिथे रेघ नाही तिथे ती काढणे यंत्राच्या हातात नाही. ते असलेल्या रेघा मोजते आणि त्यांच्याच बाजूला नव्या सुचवते.

या चार दिवसांत घराघरांतून फराळाची ताटे निघतील. ज्यांच्याकडून ताट येते त्यांच्याकडे ताट जाते, हा रिवाज चांगलाच आहे. तो मोडू नये. पण सात ताटे भरली तर एक अशा दारी जावे, जिथून परत काही येणार नाही. नवा भाडेकरू असेल, रात्रपाळीचा पहारेकरी असेल, जिन्याखाली झोपणारा इस्त्रीवाला असेल. त्याला 'गाव कोणते?' हे अवश्य विचारावे. मात्र ताट आधी हातात द्यावे, आणि गाव मग विचारावे.