दोषांची वही

आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळीनें आपल्या कामांतील दोषांची नोंद कोणत्या साधनांत ठेवावी, हा प्रश्न नीतिविचाराचा आहे असें कोणी म्हटलें, तर वाचक हसतील. मीही प्रथम हसलों होतों. कोल्हापुरांतील सातआठ जणांच्या एका मंडळीस असें साधन निवडून देण्याचें काम माझ्याकडे आलें, तेव्हां किंमत, वेग आणि सोय पाहिली कीं संपलें, अशी माझी समजूत होती.

उद्यमनगरांत ओतीव भागांत पोकळी राहिली, तर ती पुष्कळदां कातकामाच्या वेळीं डोळ्यांस दिसते. आज्ञावलींतला दोष मात्र कोणी तरी 'येथें चुकलें आहे' असें लिहीपर्यंत जणूं अस्तित्वांतच नसतो. १९४७ सालीं हार्वर्डच्या 'मार्क दोन' या गणकयंत्रांत एक पतंग सांपडला; तेथील लोकांनीं तो नोंदवहींत चिकटवून खालीं शेरा लिहिला. त्या पानावर पतंग आहे, वेळ आहे. कोणाच्या हयगयीनें तो आंत शिरला, हें नाहीं.

आजच्या साधनांत प्रत्येक नोंदीपुढें एका माणसाचें नांव असतें, आणि नांव आलें कीं बेरीज करण्याचा मोह येतो. पूर्वी एके ठिकाणीं दरमहा प्रत्येकाच्या नांवावरील दोषांची संख्या सर्वांसमक्ष वाचली जात असे. तीन महिन्यांत संख्या घटली व मालक संतुष्ट झाले. तेथील एक मुलगी आपले दोष पूर्वी आपणच आधीं नोंदवी, ती चहाच्या वेळीं मला म्हणाली, "सर, मी लिहिलं की माझ्याच नावावर चढतंय. दुसरं कोणी शोधेपर्यंत गप्प बसलेलं बरं." मी कांहींच बोललों नाहीं. ती मोजणी मीच बसवून दिली होती.

जबाबदारी नको, असें मात्र कोणी समजूं नये. या जिल्ह्यांत दुधाचा दर स्निग्धांशावर ठरतो. दशांश चिन्हानंतरचा एक आंकडा गळाला, तर एखाद्या बाईच्या पदरांत पांच-दहा रुपये कमी पडतात. हें कोण दुरुस्त करणार, हें विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. परंतु 'कोण दुरुस्त करील' आणि 'कोण चुकलें' हे दोन निराळे प्रश्न एकाच रकान्यांत बसतात, तेथें पहिल्याचें उत्तर देणारा माणूस दुसऱ्याच्या भीतीनें गप्प होतो, आणि नुकसान त्या बाईचेंच होतें.

दुसरा प्रश्न वहीच्या मालकीचा. १९९८ सालचें 'बगझिला' हें साधन फुकट व मुक्त. २००२ सालचें 'जिरा' हें एका ऑस्ट्रेलियन कंपनीचें, आणि त्याचें नांवही बगझिलावरून गोजिरा या जपानी राक्षसाकडे वळून आलेलें. त्या कंपनीनें स्वतःच्या यंत्रावर ठेवावयाच्या 'सर्व्हर' आवृत्तीची विक्री २०२१ सालीं थांबविली व २०२४ सालीं आधारही काढून घेतला. म्हणजे वही आपल्या घरीं ठेवणाऱ्यांस बिऱ्हाड हलविणें भाग पडलें. करवीर संस्थानचीं मोडी दप्तरें आजही कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत आहेत. आमची वही दहा वर्षांनीं कोठें असेल, हें परक्या कंपनीनें ठरवावें काय? घरच्या वहीस राखण करणारा माणूस लागतो व त्याचा पगारही लागतो, हें खरें. लहान मंडळीस तो जड जातो.

शेवटीं 'रेडमाइन' हें मुक्त साधन घेतलें, तें मंडळीच्याच यंत्रावर. ज्यानें दोष नोंदविला त्यानेंच नोंद मिटवावी, असा नियम त्यांत बसविला. माणसागणिक बेरीज काढूं नये, हेंही ठरलें. त्यावर मालकांनीं विचारलें, "मग पगारवाढ मी कशावर ठरवायची?" मी म्हणालों, त्यांच्याशेजारीं बसून काम पाहा. त्यांस वेळ नव्हता. तें माझें म्हणणें त्यांस पटलेलें दिसलें नाहीं. तरी पहिली नोंद त्यांनीं स्वतः, स्वतःच्या चुकीची केली.