प्रवेशाची यादी आणि जातीचा रकाना

घाटकोपरला आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर एक उपासक मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मुलगी पवईच्या आय.आय.टी.साठी परीक्षा द्यायची म्हणते. पण अर्जात जात लिहायची आहे. आम्ही गेल्या वर्षी दीक्षा घेतली तेव्हाच जात सोडली. आता पुन्हा लिहायची? शिवाय लोक म्हणतात, राखीव जागा म्हणजे गुणवत्ता नाही."

मी घाईत काहीतरी उत्तर दिले. ते माझे मलाच पटले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी पवईला प्रवेश मिळतो कसा ते पाहू. ही संस्था १९५८ साली सुरू झाली. तिथे मुलाखत नाही, शिक्षकाची शिफारस नाही. २०१३ पासून दोन परीक्षा आहेत. पहिलीत वर आलेल्यांनाच दुसरी देता येते आणि दुसरीतल्या क्रमांकावर जागा ठरते. या पद्धतीतला मोठा गुण आपण नाकारू नये. उत्तरे तपासणाऱ्या यंत्राला आडनाव दिसत नाही. आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदललेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. परंतु त्या यंत्राला आणखीही पुष्कळ दिसत नाही. अंधेरी-बोरिवलीच्या क्लासात लाखांनी फी भरून दोन वर्षे तयार झालेला मुलगा आणि भावंडे निजल्यावर पोटमाळ्यावर वही उघडणारी मुलगी, दोघांचा त्याला फक्त आकडा दिसतो.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. शेकडा ३८ सुद्धा नव्हेत! त्या काळी गुण हात राखून देत, हे खरे. तरीही एल्फिन्स्टन कॉलेजने त्यांना घेतले, सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, आणि १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. आज मुंबईच्या एखाद्या नामांकित कॉलेजची यादी तेवढ्या गुणांवर कोणाला दारात तरी उभे करील काय?

अमेरिकेतले हार्वर्ड विद्यापीठ गुणांखेरीज निबंध, शिक्षकांची पत्रे, खेळ असे सारे पाहते. आईबाप तिथेच शिकलेले असले तर त्याचेही वजन पडत आले आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप मात्र त्या निकालाने गेले नाही. आपल्याकडे २००५ च्या इनामदार खटल्यात खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्याची मुभा मिळाली, फीही जास्त. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना जागा १५ टक्केच. पहिल्या १५ टक्क्यांच्या गुणवत्तेची काळजी करणारा माणूस मला अजून आमच्या शिक्षकांच्या खोलीत भेटायचा आहे.

आता तो रकाना. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या लोकांना केंद्राच्या सवलतींना मुकावे लागले. जणू दीक्षा घेतल्याबरोबर गावाने पाणवठा मोकळा केला! महाराष्ट्राने राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडले. मधल्या काळात कित्येकांना कागदावर जुनाच धर्म ठेवावा लागला. म्हणून मी त्या उपासकांना सांगेन, की जात आपण मनातून आणि घरातून काढली. समाजाने ती काढलेली नाही, आणि अर्ज विचारतो तो समाजाने काय केले ते. तिथे खरे लिहिल्याने दीक्षा मोडत नाही.

हे सांगणे सोपे आहे. माझ्या वेळी कॉलेजात आमची यादी वेगळ्या कागदावर लावली होती, आणि सगळे निघून जाईपर्यंत मी जिन्याखाली उभा राहिलो होतो. पदवीची परीक्षा मात्र सर्वांना एकच होती.

संघप्रवेशाचीही एक गोष्ट आहे. उपाली न्हावी शाक्य कुमारांबरोबर तथागतांकडे आला. कुमारांनीच विनंती केली, की याला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे तो आमच्याहून ज्येष्ठ ठरेल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाभिमान गळेल. तथागतांनी तसे केले. पुढे राजगृहाच्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न महाकाश्यपांनी विचारले, ते याच उपालीला.

येत्या रविवारी वंदनेनंतर त्या मुलीचा अर्ज आम्ही विहारातच बसून भरणार आहोत. वडिलांना दाखला आणायला सांगितले आहे. रकाना तिने स्वतःच्या हाताने भरावा, असे मी तिला सुचवणार आहे.