मैला जातो कुठे?

बडोद्याचे मोठेपण सांगताना आपण मराठी माणसे सयाजीरावांनी आजवा तलावातून शहरात आणलेल्या पाण्यापर्यंत येतो आणि थांबतो. पाणी कुठून आले हे सर्वांना ठाऊक असते. ते घाण घेऊन कुठे गेले, हा प्रश्न कोणाला पडत नाही. आजची शौचालयचर्चाही याच जागी अडली आहे. प्राचीन लोथलच्या मोऱ्यांवर समाधान मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘लोकांच्या सवयीच वाईट’ म्हणणाऱ्यांनी पाण्याशिवाय बांधलेले संडास पाहावेत.

खरा वाद आहे तो सुशिक्षितांच्या एका लाडक्या समजुतीशी. टोपलीचे संडास गेले, फ्लश आला आणि माणसाच्या डोक्यावरची मैल्याची पाटी उतरली, असे ते सांगतात. पाटी उतरली हे खरे, आणि ती गोष्ट लहान नाही. पण बडोदे जिल्ह्यातच, डभोईजवळच्या फर्तीकुई गावी, जून 2019मध्ये एका हॉटेलच्या सेप्टिक टाकीत सात जण गुदमरून मेले. चार सफाई कामगार होते, तिघे हॉटेलातले. तिथे टोपली नव्हती. फ्लशला जोडलेली टाकीच होती. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला, त्याच गुजरातेत, साबरमतीकाठी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

सेप्टिक टाकी मैला संपवत नाही, साठवते. वरचे पाणी निघून जाते, गाळ तळाशी बसतो आणि बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू कोंडतात. हा वायू दाट झाला की त्याचा वासही कळेनासा होतो. ‘पंचवीस वर्षे बघायला नको’ म्हणून आपण कौतुकाने मोठी टाकी बांधतो, तेव्हा तिच्यात उतरणारा माणूसही मनात गृहीत धरलेला असतो. आणि त्याची जात आपल्याला ठाऊक असते.

मैलासफाई प्रथा बंद करणाऱ्या 2013च्या कायद्याने हाताने मैला उपसणे आणि सुरक्षा साधनांविना गटारात वा टाकीत उतरणे यांची वेगवेगळी व्याख्या केली. त्यामुळे जुलै 2021मध्ये केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले राज्यसभेत सांगू शकले की हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. हा भेद मला मान्य नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भेद: मैला दृष्टीआड करणे वेगळे आणि तो निकालात काढणे वेगळे.

कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी हा भेद ओळखला होता. मैल्याचे सोनखत होईपर्यंत त्यांच्या लेखी सफाई पुरी होत नव्हती. दोन खड्ड्यांच्या शौचालयातही तेच घडते: एक खड्डा भरला की बंद करायचा, दुसरा वापरात घ्यायचा, वर्ष-दीड वर्षात पहिल्यातला मैला वास नसलेले खत बनतो आणि घरचा माणूसही तो उपसू शकतो. नेमके हेच अनेकांना नको असते. बडोद्यातल्या मांडवीसारख्या दाट वस्तीत दोन खड्ड्यांना जागा नाही, तिथे भूमिगत गटार हवेच, हे मी नाकारत नाही. पण तुंबलेल्या चेंबरमध्ये माणूस उतरत असेल आणि सांडपाणी शेवटी विश्वामित्री नदीतच जात असेल, तर तेही दृष्टीआड करणेच झाले. म्हणून बांधकामाच्या परवानगीतच लिहून घ्यावे, टाकी किती वर्षांनी, कोणत्या यंत्राने उपसणार आणि गाळ कोणत्या प्रक्रिया केंद्रात नेणार. उत्तर नसेल तर परवानगी देऊ नये.