चूक कोणी पाहायची?

गेल्या फेब्रुवारीत एका शिक्षण परिषदेत एका वक्त्यांनी जे मांडलं, त्याला मला तिथेच उत्तर द्यायचं होतं. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही, म्हणून ते इथे देते आहे. त्यांचं म्हणणं असं: महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४ हजारांवर शाळा आहेत. तिथे शिक्षक नेमणं राज्याला परवडत नाही. आता प्रत्येक मुलाला त्याच्यापुरता शिकवणारा, न थकणारा, न रागावणारा यंत्रशिक्षक टॅबवर देता येतो. तेव्हा अशा शाळांत एक मदतनीस ठेवावा, टॅब चार्ज होतात की नाही ते त्याने पाहावं, आणि शिक्षकांची पदं पुढे भरूच नयेत. पुराव्यादाखल पडद्यावर शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचं नाव आणि दोन घंटाकृती वक्र आले. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत अध्यापक विद्यालयात मी शिकवलेले दोघेजण होते. दोघेही आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. मला जास्त लागलं ते हे.

आधी ब्लूमविषयी. १९८४ साली त्यांनी आपल्या दोन संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रयोगांवर आधारलेला लेख लिहिला. एकेकट्याने शिकवणी मिळालेल्या गटातला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला, असं त्यात होतं. वक्त्यांनी एवढंच सांगितलं. पण शिकवणी मिळालेल्या त्या मुलांना नुसता स्वतंत्र शिक्षक मिळालेला नव्हता. थोडं शिकवायचं, लगेच तपासायचं, जे जमलं नाही ते वेगळ्या रीतीने पुन्हा करून घ्यायचं आणि मगच पुढे जायचं, अशी ती पद्धत होती. हीच पद्धत एका शिक्षकाने सबंध वर्गाला वापरली, तर सरासरी मूल ८४ टक्क्यांच्या पुढे जातं, हेही त्याच लेखात आहे. आणि लेखाचा सगळा रोख पुढच्या प्रश्नावर आहे. प्रत्येक मुलामागे एक शिक्षक देणं कोणत्याही समाजाला झेपणारं नाही, मग वर्गातच तसं फळ मिळेल अशा कोणत्या रीती शोधता येतील? ब्लूम वर्ग सुधारायला निघाले होते. शिक्षकाला वर्गातून उठवण्यासाठी त्यांचा दाखला देणं म्हणजे त्यांचा लेख शेवटपर्यंत न वाचणं.

आता माझं म्हणणं. शिकवणं म्हणजे उत्तर सांगणं नव्हे. मुलाचं उत्तर का चुकलं, हे पाहणं म्हणजे शिकवणं. सव्वीस वर्षं मी होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवलं आणि या एका वाक्यासाठी त्यांच्याशी भांडत आले. पाठनिरीक्षणाला मागे बसलं की दिसायचं: छात्राध्यापक फळ्यावर सुंदर अक्षर काढतोय, तक्ते रंगीत आहेत, आणि पहिल्या रांगेतल्या मुलीने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलंय. तो तिच्या वहीवर फुली मारतो आणि पुढे जातो. त्या ३५ मध्ये विचार आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले. तिला शिकवलेलंच असतं की मोठ्यातून लहान जातं. तिने आपल्याला कळलेला नियम इमानाने पाळला. फुलीने त्या नियमाला धक्काही लागत नाही. उद्या ती ६३ वजा २८ बरोबर ४५ लिहील.

मराठीत ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. दुसरीच्या वर्गात श्रुतलेखनासाठी ‘सत्तावीस’ म्हणा. कुणीतरी ७२ लिहितंच. कारण कानावर आधी सात येतं आणि मग वीस. ‘एकोणसाठ’ म्हटलं की साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात पन्नासातले नऊ. ही मुलाची चूक नाही, आपल्या संख्यानामांची ठेवणच तशी आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचायची मुभा दिली गेली. पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यावर महाराष्ट्रभर गदारोळ झाला, विधानसभेतही चेष्टा झाली, मराठी बुडाली असं लिहिलं गेलं. तो बदल योग्य होता की नाही यावर मतभेद असू शकतात. मला स्वतःला दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवणं पटलं होतं. पण त्या गदारोळात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. कुणीतरी मुलांच्या चुका बारकाईने पाहिल्या होत्या आणि त्या चुकांना कारण आहे हे मान्य केलं होतं. आपल्याकडे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

इथवरचं लिहिताना माझा विचार होता की पुढे सरळ म्हणावं: यंत्राला हे जमणार नाही. परिषदेतून घरी येतानाही मनात हेच वाक्य होतं. पण लिहिण्याआधी वाचायला बसले आणि हे वाक्य मला सोडावं लागलं.

कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी दिल्लीत केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी शाळांतली माध्यमिक वर्गांची मुलं, शाळेबाहेरची केंद्रं, ‘माइंडस्पार्क’ ही संगणकप्रणाली. कोणाला प्रवेश मिळणार हे चिठ्ठ्या काढून ठरवलेलं, त्यामुळे तुलना प्रामाणिक. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं. वर्गात मात्र सहावीचंच पुस्तक चाललेलं. ही प्रणाली मूल प्रत्यक्षात जिथे आहे तिथून सुरू करत होती, आणि त्याच्या चुकांच्या तऱ्हा ओळखून त्यानुसार पुढचं उदाहरण देत होती. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण-विचलनाची वाढ झाली. शिक्षणातल्या प्रयोगांत इतका परिणाम सहसा दिसत नाही. म्हणजे मी ज्याला शिक्षकाचं मर्म म्हणत होते त्यातला एक भाग यंत्राने केला होता, आणि फुली मारून पुढे जाणाऱ्या माझ्या छात्राध्यापकापेक्षा चांगला केला होता. हे मान्य न करता लिहिणं खोटेपणा झाला असता.

त्याच सुमारास तुर्कस्तानातला दुसरा अभ्यास वाचला. एका शाळेतली जवळपास १००० मुलं, विषय गणित. सरावाच्या वेळी काहींना चॅटजीपीटीसारखं साधन जसंच्या तसं दिलं. सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ही मुलं साधन कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. आणखी एका गटाला तेच साधन थेट उत्तर न देता फक्त इशारे देईल अशा रीतीने बांधून दिलं होतं. त्या गटाचं तेवढं नुकसान झालं नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की प्रश्न बदलतो. यंत्र की माणूस, हा प्रश्नच नाही. मुलाची चूक उघडी पडते की झाकली जाते, हा प्रश्न आहे. दिल्लीतल्या यंत्राने चूक उघडी पाडली, तुर्कस्तानातल्या पहिल्या गटाच्या यंत्राने ती झाकली. महाविद्यालयांत आज अशाच साधनांकडून लिहून घेतलेले जे निबंध, प्रकल्प, स्वाध्याय जमा होतात, त्यात चूक शोधूनही सापडत नाही. निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षी माझ्याकडे ‘माझा पहिला पाठ’ या विषयावरचे बावीस अनुभवलेख आले. सतरांमध्ये पहिला परिच्छेद जवळपास सारखा होता, आणि एकाही लेखात फळा पुसायला विसरलेला, आवाज बसलेला, मुलाच्या प्रश्नाने गोंधळलेला शिक्षक नव्हता. त्या मुलामुलींना मी काय शिकवणार होते? धरायला जागाच नव्हती.

पण दिल्लीच्या अभ्यासातली एक गोष्ट कुणी सांगत नाही, आणि त्या वक्त्यांनाही मला तीच सांगायची आहे. केंद्रावरचं सत्र दीड तासाचं होतं. त्यातली पंचेचाळीस मिनिटं संगणकापुढे. उरलेली पंचेचाळीस मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटात, एका शिकवणाऱ्या माणसाबरोबर. परिणामातला किती वाटा कुणाचा, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. आणि मुलं शाळा सुटल्यावर तिथे पोहोचत होती. आमच्या डोंगराळ तालुक्यांत खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो: मूल येईल का?

याच ठिकाणी मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाडचं बालशिक्षणाचं काम आठवतं. अलीकडे या दोघींची नावं शिक्षकदिनाच्या भाषणांत येतात आणि तिथेच संपतात. त्यांनी काय केलं हे नीट पाहिलं, तर ‘प्रत्येक मुलापुरतं शिक्षण’ हा शब्द आज ज्या आत्मविश्वासाने वापरला जातो, त्याला बरंच शिकता येईल. ताराबाई भावनगरहून गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, मॉन्टेसरींचे विचार मराठीत आणणाऱ्या. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, लगेच वैधव्य, पुढे रात्रशाळेतून मॅट्रिक. अनुताईंना शाळा न मिळणं म्हणजे काय हे कुणी सांगायची गरज नव्हती.

बालवाडी उघडली, पण ज्या मुलांसाठी उघडली ती येईनात. इथे बहुतेक संस्था पालकांच्या उदासीनतेवर अहवाल लिहितात. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर सरकारी योजनेचा शब्द झाला आहे. तो एका शिक्षिकेच्या चालत जाण्यातून आला. मुलांची तोंडं धुवायची, केस विंचरायचे आणि मग शिंपले, बिया, पानं, खडे यांवर मोजणी. मॉन्टेसरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून आवारातल्या वस्तूंतून साधनं घडवली. साधन मुलाच्या ओळखीचं असलं की चूकही ओळखीची होते: दहा शिंपल्यांच्या ढिगात नऊच निघाले, तर मूल स्वतःच पुन्हा मोजतं.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली पाड्यांवरची थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात. ती शाळेत येणं शक्य नव्हतं, कारण गुरं घरी ठेवता येत नव्हती. मग शाळा कुरणात गेली. कुरणशाळा. गुरं चरत आहेत, मुलं झाडाखाली बसली आहेत, आणि शिक्षक गुरांवर एक डोळा ठेवून शिकवतो आहे. ‘मूल जिथे आहे तिथून सुरू करा’ हे दिल्लीच्या प्रणालीने इयत्तेच्या अर्थाने केलं. कोसबाडने ते जागेच्या, वेळेच्या, भाषेच्या आणि घरातल्या कामाच्या अर्थाने केलं होतं. यातली पहिली गोष्ट यंत्राला येते, हे मी मान्य केलं आहे. दुसरीसाठी कुणाला तरी चालत जावं लागतं, आणि आज मूल आलं नाही हे ज्याला खुपेल असं माणूस लागतं. मदतनीस टॅब चार्ज करील. पण सलग तीन दिवस न आलेली मुलगी वीटभट्टीवर गेली की धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली, हे विचारायला तो पाड्यावर जाणार का? आणि गेला, तर मग त्याला शिक्षक म्हणून नेमायला आणि शिक्षकाचा पगार द्यायला काय हरकत आहे?

माझे विद्यार्थी टाळ्या का वाजवत होते, याचाही मी नंतर विचार केला. त्यांच्यातल्या एकीशी फोनवर बोलले. ती म्हणाली, “बाई, शिकवायला वेळच कुठे उरतो? त्यापेक्षा टॅबने तरी शिकवावं.” तंत्रज्ञानाने आपल्या शाळांत सर्वांत मोठा बदल घडवला तो इथे, शिक्षकाच्या वेळेत, आणि त्याबद्दल परिषदांत एक शब्द निघत नाही. यू-डायस, सरल, अपार या सरकारी ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरी, उपक्रमांचे फोटो. सकाळी गटावर लिंक येते, दुपारपर्यंत भरायची असते, रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन. दोनशिक्षकी शाळेत एकजण माहिती भरत असतो तेव्हा दुसऱ्याकडे चार वर्ग असतात. यंत्र मुलाकडे पाहायला शिकलं, आणि त्याच वर्षांत आपण शिक्षकाची नजर मुलावरून काढून पडद्याकडे वळवली. मला या सगळ्यात राग येतो तो याचा. टॅब वाटण्याआधी ही नोंदणी कारकुनाकडे द्या. शाळांच्या एका केंद्रामागे एक माणूस पुरेल.

आणि यंत्र द्यायचंच असेल तर मला कुठलं हवं, तेही सांगते. १९७८ च्या सुमारास जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघा अमेरिकन संशोधकांनी ‘बग्गी’ नावाचा एक संगणक-कार्यक्रम केला. तो मुलांना शिकवत नव्हता. तो वजाबाकी चुकवणारं मूल व्हायचा. होऊ घातलेल्या शिक्षकांनी त्याला उदाहरणं घालायची, तो एका ठरावीक चुकीच्या नियमाने उत्तरं द्यायचा, आणि शिक्षकांनी तो नियम कोणता हे ओळखायचं. ‘निष्काळजी आहे’, ‘लक्ष नाही’ असं म्हणून सुटता येत नसे. नियम ओळखला असं वाटलं, की त्याच चुकीच्या रीतीने नवी उदाहरणं स्वतः सोडवून दाखवायची.

असा कार्यक्रम मराठीत असावा. त्यात ‘सत्तावीस’ला ७२ लिहिणारं मूल असावं, ‘एकोणसाठ’ला ६९ लिहिणारं असावं, हातचा विसरणारं आणि हातचा दोनदा मिळवणारं असावं. तो प्रत्येक अध्यापक विद्यालयात पहिल्या महिन्यात लावावा. परवा मी फोनवरच्या त्या माजी विद्यार्थिनीला कागदावर पाच वजाबाक्या करून पाठवल्या, सगळ्या चुकलेल्या, सगळ्या एकाच रीतीने. रात्री साडेदहाला तिचा संदेश आला: “बाई, हा मुलगा वरच्या शून्यातून कधीच काही वजा करत नाही, नुसतं शून्य लिहितो. माझ्या वर्गात असे दोन आहेत. मी त्यांच्या वह्यांवर जूनपासून फुल्या मारतेय.”