मोर, बिबट्या आणि भूतदया

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव चिंचांसाठी आणि मोरांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या तोंडावर नर पिसारा उभारून थरथरवतो. ते पाहायला शहरातून कुटुंबे मुक्कामाला येतात. कार्तिकेयाचे वाहन असलेला मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. तो पेरलेले दाणेही टिपतो, तरी गाव ते सोसते.

शिरूर-दौंडच्या उसात मात्र बिबट्याही राहतो. मादी फडातच विते. तोडणीत पिल्ले सापडली की वनखाते ती अनेकदा त्याच रानात खोक्यात ठेवते आणि रात्री मादी त्यांना तोंडात धरून नेते.

वारकरी विचार सर्व भूतांत एकच ईश्वर पाहतो. मग त्यातून येणारी दया देखण्या मोरापाशी थांबते का? थांबत असेल, तर ती भूतदया नव्हे, नुसती आवड. ग्रामीण महाराष्ट्रात वाघोबाची ठाणी आहेत. भीती वाटते त्यालाही तिथे नैवेद्य मिळतो. पण ज्या घरातले मूल बिबट्याने नेले, त्या घराकडे क्षमेची मागणी करणे क्रूरपणाचे आहे. दयेची किंमत सर्वांनी मिळून द्यायला हवी: वेळेवर भरपाई, बंदिस्त गोठे आणि रात्री पाणी धरायला जावे लागू नये म्हणून शेतीला दिवसा वीज.