हातातील रोप आणि कयामतची घडी



माननीय अनस बिन मालिक (र.) यांनी कथन केलेली एक हदीस आपल्यापैकी अनेकांनी जुम्याच्या खुत्ब्यात ऐकली असेल. तिचा आशय असा की, कयामत येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी एखाद्याच्या हातात खजुरीचे रोप असेल, तर ती घडी प्रत्यक्ष येण्यापूर्वी लावणे शक्य असल्यास त्याने ते लावावे. इमाम अहमद (रह.) यांच्या ‘मुस्नद’मध्ये आणि इमाम बुखारी (रह.) यांच्या ‘अल-अदबुल मुफ्रद’मध्ये ही हदीस आलेली आहे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात ती आवर्जून सांगितली जाते. ते योग्यच आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास या शिकवणीतील खरा प्रश्न अस्पर्शित राहतो.

हदीसमध्ये रोपासाठी ‘फसीला’ हा शब्द आहे. खजुरीच्या बुंध्याशी जे पिल फुटते आणि वेगळे काढून दुसरीकडे लावले जाते, ते फसीला होय. जळगाव शहराजवळच्या असोद्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. केळीचे खोड आयुष्यात एकदाच घड देते. घड कापला की त्या खोडाचे काम संपते. पण तोवर त्याच्या बुंध्याशी मुनवे फुटलेले असतात आणि त्यांच्यावरच पुढची पिलबाग उभी राहते. संपत चाललेल्या झाडाच्या पायाशी उद्याचे झाड उभे असणे, ही खानदेशात रोज दिसणारी गोष्ट आहे.

मात्र हदीसमधील प्रसंग याहून फार कठोर आहे. केळीच्या बागेत उद्या असतो. तेथे उद्याच नाही. खजुरीचे पिल लावल्यावर फळ धरण्यास काही वर्षे जावी लागतात. त्या घडीला ते लावणाऱ्याजवळ काही क्षणही नाहीत. ते फळ ना तो खाणार, ना त्याची मुले, ना एखादा पक्षी. मग लावायचे कशासाठी? हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. आज आपल्या घराघरांत तो वेगळ्या शब्दांत विचारला जात आहे.

उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि केळीची पाने उभ्या उभ्या करपतात. वर्षानुवर्षे विंधन विहिरी अधिक खोल खणाव्या लागतात. दूरदेशी ढिगाऱ्याखालून काढलेल्या बालकांची चित्रे भ्रमणध्वनीवर येतात आणि त्यांच्या पाठोपाठ कयामतच्या निशाण्या मोजून दाखवणाऱ्या ध्वनिचित्रफिती येतात. हे सर्व पाहून घरातील तरुण मुलगा म्हणतो, जग संपायलाच आले आहे, तर शिकून काय करायचे? वडीलधारी माणसे म्हणतात, काळच असा आहे, आता काही सुधारणार नाही. एकाच्या बोलण्यात वैफल्य असते, तर दुसऱ्याच्या बोलण्यात धार्मिकतेचा भास. परिणाम मात्र एकच, हातातील रोप खाली ठेवले जाते.

अशा वेळी पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. अंतिम घडीचे ज्ञान अल्लाहने कोणालाही दिलेले नाही. सूरह अल-आराफच्या 187 व्या आयतीत हे स्पष्ट सांगितले आहे. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना 1962 चा फेब्रुवारी महिना आठवत असेल. तेव्हा मकर राशीत आठ ग्रह एकत्र आल्याची ‘अष्टग्रही’ सर्वत्र गाजली. जग बुडणार म्हणून देशभर यज्ञयाग झाले. पुढे 21 डिसेंबर 2012 या तारखेचीही तशीच धास्ती जगभर पसरली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. एका माणसाने पैगंबर मुहम्मद (स.) यांना कयामत केव्हा येईल असे विचारले, तेव्हा त्यांनी तारीख सांगितली नाही, तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस, असा उलट प्रश्न केला. ‘केव्हा’ या प्रश्नाची जागा ‘काय केले’ या प्रश्नाने घेतली.

परंतु येथे एक आक्षेप राहतोच आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मागच्या भाकितांत तथ्य नव्हते, म्हणून जग संपणारच नाही असे ठरत नाही. कयामत येणार, यावर तर आपले ईमान आहे. प्रत्येक माणसाचा मृत्यूही निश्चित आहे. तेव्हा ‘सगळे ठीक होईल’ या भरवशावर उभी असलेली आशा एक ना एक दिवस खोटी ठरणारच. इस्लाम अशी आशा शिकवत नाही. हातात रोप घेतलेल्या त्या माणसाला पैगंबर (स.) यांनी संकट टळेल असे आश्वासन दिलेले नाही. त्याला केवळ त्याचे काम सांगितले आहे.

मग ही आशा कशावर उभी आहे? याचे उत्तर सूरह अल-आराफच्याच 164 व्या आयतीत सापडते. समुद्रकाठच्या एका वस्तीत शनिवारचा नियम मोडला जात होता. काही सज्जन नियम मोडणाऱ्यांना समजावत होते. तेव्हा तिसरा गट त्यांना म्हणाला की, ज्यांना अल्लाह नष्ट करणार आहे किंवा कठोर शिक्षा देणार आहे, त्यांना उपदेश करून काय उपयोग? त्या सज्जनांनी दोन कारणे सांगितली. एक, आपल्या पालनकर्त्यासमोर आमची जबाबदारी आम्ही पार पाडली असे व्हावे. दुसरे, कदाचित हे लोक भानावर येतील.

वाचकहो, या दोन कारणांचा क्रम पाहा. ‘कदाचित’ दुसऱ्या स्थानावर आहे. माणूस बदलेल, पीक येईल, साथ ओसरेल, ही अपेक्षा वैध आहे आणि ती सोडू नये. पण कर्तव्याचा पाया ती नव्हे. पाया हा की, माझे कृत्य अल्लाहसमोर जाणार आहे आणि त्याच्याकडे कणभर सत्कर्मही वाया जात नाही. परिणामावर टांगलेली आशा परिणामाबरोबर पडते. अल्लाहवर टेकलेली आशा जग संपले तरी संपत नाही, कारण जग संपल्यावरच तर हिशेब सुरू होतो. त्या अखेरच्या रोपाला फळ येणार नाही, परंतु ते लावणारा रिकाम्या हाताने उभा राहणार नाही.

माननीय उमर (र.) यांच्या काळातील एक घटना सांगितली जाते. त्यांनी खुजैमा बिन साबित (र.) यांना विचारले, आपल्या जमिनीत झाडे का लावत नाही? खुजैमा म्हणाले, मी म्हातारा झालो, उद्या मरेन. उमर (र.) यांनी ते कारण मान्य केले नाही. त्यांनी लावण्याचा आग्रह धरला आणि खुजैमांच्या मुलाने पाहिले की, खलीफा स्वतःच्या हाताने त्याच्या वडिलांबरोबर रोपे लावत आहेत. निराश माणसाला केवळ उपदेश देऊ नये, त्याच्या शेजारी मातीत हात घालावा, हा या घटनेतील धडा आहे.

आशा म्हणजे दुःख न होणे, असाही गैरसमज असतो. माननीय याकूब (अ.) पुत्रवियोगाने इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. तरीही त्याच दुःखात त्यांनी मुलांना सांगितले की, जा, यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका. डोळ्यांत अश्रू आणि मुखात ‘शोध घ्या’ हे दोन्ही एकाच ठिकाणी असू शकते. ज्यांच्या घरी मृत्यू झाला आहे, त्यांना ‘रडू नका, ईमान ठेवा’ असे सांगणाऱ्यांनी सूरह यूसुफ पुन्हा वाचावी.

आणि अल्लाहने ही शक्ती माणसाच्या स्वभावातच ठेवली आहे. असोद्याच्या मातीत 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे जीवन आपल्या परिसरात सर्वांना ठाऊक आहे. 1899-1900 चा भीषण दुष्काळ, प्लेगच्या साथी आणि 1918 चा इन्फ्लुएंझा, हे सारे त्यांच्या हयातीत घडले. ऐन तिशीत वैधव्य आले; मुले लहान होती. अक्षरओळख नसलेली ही शेतकरी स्त्री जात्यावर दळताना, शेतात राबताना गाणी रचत राहिली. त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्याकडील त्या रचना आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 1952 साली पुस्तकरूपाने आल्या; बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरमध्येच हे जग सोडून गेल्या होत्या. फळ पाहण्यासाठी त्या थांबल्या नव्हत्या. त्यांचा धर्म आपला नव्हता, परंतु चांगुलपणा कोठेही दिसला तरी तो ओळखणे हे श्रद्धावंताचे लक्षण आहे.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. साऱ्या जगाची कयामत केव्हा येईल ते ठाऊक नाही. परंतु एखाद्या घराची कयामत आज रात्रीही असू शकते. सावकाराचा तगादा, गारपिटीत आडवी झालेली केळी, कापसाचा पडलेला भाव आणि पोरीच्या लग्नाची तारीख, या चारींच्या मध्ये उभ्या असलेल्या शेतकऱ्यासाठी जग खरोखर संपत आलेले असते. खानदेशाने अशा किती घरांची दारे बंद झालेली पाहिली आहेत! अल्लाहने स्वतःचा जीव घेण्यास सक्त मनाई केली आहे, हे त्याला सांगावेच. परंतु ज्याने कर्ज दिले आहे त्यालाही सूरह अल-बकराची 280 वी आयत सांगावी, जिच्यात अडचणीतील ऋणकोला मुदत देण्याची आज्ञा आहे आणि कर्ज माफ करणे अधिक चांगले म्हटले आहे. निराशा हे पाप आहे असे त्या शेतकऱ्याला बजावणे सोपे. त्याला निराशेकडे ढकलण्यात आपला हात नाही ना, हे तपासणे कठीण. तो बोलेनासा झाला असेल, तर त्याला एकटे सोडू नका. जवळ बसा, ऐकून घ्या, डॉक्टरांकडे घेऊन जा.

त्याचबरोबर खोट्या आशेपासूनही सावध राहावे. अल्लाह पाहून घेईल असे म्हणून पाणी उधळणे, उपचार टाळणे, मुलांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष करणे, याला तवक्कुल म्हणत नाहीत. उंटाला बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही पैगंबर (स.) यांची शिकवण प्रसिद्ध आहे. ठिबकची नळी अंथरणे म्हणजे उंट बांधणे. पावसासाठी हात पसरणे म्हणजे भरवसा. सूरह अश-शूराच्या 28 व्या आयतीत सांगितले आहे की, लोक निराश झाल्यानंतर अल्लाहच पाऊस पाडतो आणि आपली कृपा पसरवतो. मृग कोरडा गेल्यावर आभाळाकडे पाहणाऱ्या खानदेशी माणसाला या आयतीचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

तेव्हा आपल्या घरी पुन्हा कयामतच्या निशाण्यांची चर्चा निघेल, तेव्हा ती थट्टेवारी नेऊ नका आणि भीतीतही बुडू देऊ नका. मुलांना एवढेच विचारा, आज तुमच्या हातात काय आहे? कोणाच्या हातात पुस्तक असेल, कोणाच्या हातात आजारी आजीचे औषध, कोणाच्या हातात शेजाऱ्याचे फेडायचे पैसे. ते ज्याने त्याने आजच पूर्ण करावे. बाकी घडी ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर सोपवावी.

अल्लाह आपल्या सर्वांना त्याच्या कृपेची आशा आणि त्या आशेला साजेसे कर्म प्रदान करो. आमीन.