तिकिटाची खिडकी आणि सिंहाचा खर्च

३० मार्च २०२५ रोजी अभनपूर-रायपूर मेमू सुरू झाली. ज्या अभनपूरला पिढ्यान् पिढ्या नॅरोगेजची गाडी ठाऊक होती, तिथून आता मंदिर हसौदमार्गे रायपूर गाठता येतं. याच पट्ट्यात, नवा रायपूरमध्ये, खंडवा जलाशयाकाठी नंदनवन जंगल सफारी आहे. सुमारे ३२० हेक्टरचा परिसर, उद्घाटन १ नोव्हेंबर २०१६ चं. तृणभक्षी, अस्वल, वाघ आणि सिंह असे चार विभाग बसमधून बघायचे.

अशा जागांबद्दल चर्चा निघाली की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘तिकीट वाढवा, म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहतील.’ ऐकायला हे व्यवहारी वाटतं. मला ते अर्धवट वाटतं.

आधी खर्चाचं बघू. प्राणिसंग्रहालयात मांसाहारी प्राण्यांना सहसा आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. उरलेले सहा दिवस मांस लागतंच, बसमध्ये चार माणसं असोत की चाळीस. पशुवैद्य, कुंपण, उन्हाळ्यातलं पाणी यांतलं काहीही गर्दी बघून कमी-जास्त होत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठाराचं गणित याच्या उलट आहे. फुलं आपापली येतात. खर्च मुख्यतः माणसांचा, तोही पावसाळ्याच्या उत्तरार्धातल्या काही आठवड्यांचा. आसपासच्या गावांच्या वनसमित्या शुल्क घेतात आणि गावातलीच मंडळी वाहनतळ व पठार सांभाळतात. हंगाम संपला की खर्चही आटतो. या दोन्ही ठिकाणांना एकाच फायद्या-तोट्याच्या पट्टीने मोजायचं, ही हिशेबातलीच चूक आहे.

आता पर्यटकाच्या खिशाकडे वळू. ‘किती द्याल?’ असं विचारलं की माणूस सढळ हाताने आकडा सांगतो. सांगायला पैसे पडत नाहीत. १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डेझ तेलगळतीनंतर अशा पाहण्यांवर किती विसंबायचं हे ठरवण्यासाठी अमेरिकेत केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९३ मध्ये तिने सुचवलं की मोघम विचारू नका. ठरावीक रक्कम समोर ठेवा आणि मत मागितल्यासारखं हो-नाही विचारा.

हॅरोल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने त्याच्या कितीतरी आधी, १९४७ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्र लिहून दुसरी वाट दाखवली होती. लोक काय बोलतात ते सोडा, ते किती लांबून काय खर्च करून येतात ते मोजा.

या कसोटीवर तिकीटवाढ फार विचित्र दिसते. नागपूरहून मोटारीने सफारीला आलेल्या कुटुंबाचं पेट्रोल, जेवण, मुक्काम यांत आधीच काही हजार गेलेले असतात. खिडकीवर पन्नास रुपये जास्त लागले म्हणून ते परत फिरणार नाहीत. कासला जाणारे पुणेकर-मुंबईकरही फिरत नाहीत. म्हणूनच तिथे गर्दी आवरायला नुसतं शुल्क पुरलं नाही, रोजची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आणावी लागली. मात्र अभनपूरच्या शेतमजुराच्या घरच्या पाच जणांना तेच माणशी पन्नास रुपये जड जातात. सरसकट वाढ परवडणाऱ्याला जाणवत नाही आणि शेजारच्याला मात्र बाहेर ठेवते. मेमूने जवळ आणलेला माणूस आपणच खिडकीवर अडवायचा, याला काय म्हणावं?

वाघ जगवण्याचा खर्च तर तिकीट काढणाऱ्याच्या माथी मारूच नये. जॉन क्रुटिला या अर्थशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच दाखवून दिलं होतं की जो कधी तिथे जाणार नाही, त्यालाही अशी गोष्ट जगात असण्याचं मोल वाटतं. त्या न येणाऱ्यांच्या वतीने पैसे देणारी एकच तिजोरी आहे, ती सरकारची. मांस, औषधं, कुंपण तिच्यातून यावं, आणि ते अनुदान म्हणून तोंड वाकडं करून देऊ नये.

बस, वाटाड्या, स्वच्छतागृहं, उपाहारगृह हा पाहुण्यांचा खर्च पाहुण्यांनीच भागवावा. तो वसूल करायचा तर मोटारीच्या वाहनतळावर, कॅमेऱ्यावर, सुट्टीच्या दिवशीच्या वेगळ्या दरात. अभनपूर आणि आरंग तालुक्यांतल्या शाळांना आठवड्यातले कमी गर्दीचे दिवस स्वस्तात द्यावेत. रिकामी बस धावतेच, तिच्यात चाळीस पोरं बसली तर सिंहाचं मांस काही वाढत नाही.